रविवारचा नाश्ता बाहेर. सुट्टी नेमकी कुणाला?

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आपल्या गावातल्या सगळ्यात चालणाऱ्या नाश्त्याच्या हॉटेलकडे जरा नजर टाका. बाहेर मोटरसायकलींची दाटी, दारात नंबर लावून उभी असलेली कुटुंबं, आणि आत पोऱ्याने टेबलावर फडकं मारायच्या आधीच खुर्च्या धरणारी पुढची मंडळी. कुणाला मिसळ हवी, कुणाला डोसा, कुणाला शिरा-उपीट. सांगली असो, जळगाव असो की यवतमाळ, थोड्याफार फरकाने चित्र हेच. आणि या गर्दीत बायका आहेत. कुर्ती घातलेली सूनबाई आहे, नऊवारीतल्या आजी आहेत, क्लास सुटल्यावर परस्पर आलेल्या मुली आहेत.

आपल्या आयांच्या वेळी असं नव्हतं. सकाळी सकाळी हॉटेलात जाऊन खाणं म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, असाच अर्थ काढला जायचा. ‘‘घरात बायका नाहीत का करून घालायला?’’ असं शेजारी सहज विचारायचे. बाहेरगावी गेल्यावर, दवाखान्याच्या कामाने शहरात आल्यावर किंवा लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यावर बाईच्या वाट्याला हॉटेल यायचं. एरवी नाही.

आता ते बदललंय आणि त्यावरून घराघरांत वादही होतात. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशांत घरी चार वेळा पोहे झाले असते. मुलं म्हणतात, घरचे पोहे रोजचेच आहेत. नवरा म्हणतो, ‘‘चल, आज तुला सुट्टी!’’ खर्चाचा, तेलाचा, चवीचा सगळा काथ्याकूट होतो. पण त्या ‘सुट्टी’ शब्दाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. रविवारच्या बाहेरच्या नाश्त्याने सुट्टी मिळते ती कुणाला, किती वेळाची आणि कुणाच्या जिवावर? आज तेवढंच बघू या.

बाकडं कुणाचं?

हॉटेलातलं बाकडं आपल्याकडे कधीच साधं नव्हतं. त्यावर कोण बसणार आणि कुणाच्या हातचं खाणार, यावरून महाराष्ट्रात मोठमोठी वादळं झाली आहेत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कुणी येईना. राजर्षी शाहू महाराज मुद्दाम तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. एका कपाने काय साधतं ते महाराजांना नेमकं ठाऊक होतं.

जातीचा प्रश्न असा चव्हाट्यावर आला, बाईचा मात्र आला नाही. तिच्यासाठी पडदा लावून काम भागवलं गेलं. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ नावाचे लाकडी पार्टिशनचे कप्पे असत. पुढे तालुक्याच्या गावातल्या हॉटेलांवरही ‘फॅमिली रूमची स्वतंत्र सोय’ अशा पाट्या लागल्या. म्हणजे बाईने यायला हरकत नाही, पण नवऱ्याबरोबर, पडद्याआड, आणि खाऊन लगेच उठायचं. बाहेरचा हॉल, तिथला पेपर, राजकारणाच्या गप्पा आणि ‘एक कटिंग’वर तासभर बसणं हे सगळं पुरुषांचं.

मिसळीचं तर आणखीच. तर्रीदार मिसळ हा कष्टकऱ्यांचा आणि तालमीतल्या पोरांचा खुराक. मिसळीच्या टपरीवर बाईमाणूस दिसणं अवघडच होतं. आणि याच मिसळीने गेल्या काही वर्षांत बायकांना रविवारी सकाळी घराबाहेर काढलं, ही मोठी गंमत आहे. नाशिककडे बघा. गंगापूर रोड, मखमलाबाद अशा बाजूंना मळ्यांमध्ये मिसळीची ठिकाणं उभी राहिली. चुलीवरची मिसळ, बसायला खाटा, मुलांना झोके, मिसळीबरोबर पापड-दही आणि वर गरम जिलबी. चव तीच काळ्या मसाल्याची, पण आवार मोठं, उजेडाचं आणि कुटुंबाने यावं असं. जागा बदलली तशी गिऱ्हाइकं बदलली. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’च्या दारात किंवा १९३५ पासूनच्या ‘गुडलक’मध्ये रविवारी सकाळी आजी-नातवंडं आणि कॉलेजच्या मुली शेजारशेजारच्या टेबलांवर दिसतात, तेही याच बदलाचं शहरी रूप.

यातून एक गोष्ट कळते. बाईला बाहेर खायला आवडत नव्हतं म्हणून ती येत नव्हती, असं नाही. बसायला मोकळी जागा नव्हती, कुणी टक लावून बघणार नाही याची खात्री नव्हती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धड स्वच्छतागृह नव्हतं. आजही गावाकडची बाई दुसरा कप चहा घ्यायचा की नाही ते या शेवटच्या गोष्टीवर ठरवते. हॉटेलमालकांनी एवढं एक ध्यानात घेतलं, तरी त्यांचा रविवार आणखी चांगला जाईल.

रविवार आला कुठून?

आता सुट्टीकडे वळू. रविवारची सुट्टी ही आपल्याकडे काही आकाशातून पडलेली नाही. ती मागून, भांडून मिळवलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोघी सभेत उभ्या राहून बोलल्या, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत असतं? रविवार मिळवण्यात बाईचा वाटा होता. पण तो मिळाला गिरणीत. घरातल्या चुलीला कुणी रविवार दिला नाही, कारण चुलीजवळच्या कामाला काम म्हणण्याचीच पद्धत नव्हती. सगळ्यांच्या सुट्टीचा दिवस म्हणजे सगळे घरात. सगळे घरात म्हणजे चहा दोनदा जास्त, नाश्ता ‘स्पेशल’, जेवणात काहीतरी गोड आणि संध्याकाळी पाहुणे. गिरणीचा भोंगा बंद राहिला, पण घरातल्या बाईचं काम त्याच दिवशी वाढलं.

हे नुसतं रडगाणं नाही, आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर, लोक आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी ८१.२ टक्के जणी घरातलं बिनपगारी काम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के. जे काम करतात त्यांचा रोजचा वेळ बघितला, तर बायकांचा २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८.

हे आकडे नीट वाचायला हवेत. पाच वर्षांत बाईची रोजची दहा मिनिटं कमी झाली, ही आनंदाची बातमी खरी. पण घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटंही वाढली नाहीत, उलट नऊने घटली. म्हणजे आपल्या हातातलं काम घरातल्या पुरुषांनी उचललं, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. मग गेलं कुठे? मिक्सर, गॅस, नळाचं पाणी, तयार पीठ, पोळी-भाजी केंद्र आणि बाहेरचं खाणं, यांतच ते गेलं असणार. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीतही हेच दिसतं. चहा-पेयं, तयार पदार्थ आणि बाहेरचं खाणं या गटावर शहरी कुटुंबांच्या महिन्याच्या एकूण खर्चातला ११ टक्क्यांच्या आसपास वाटा जातो, ग्रामीण भागात जवळजवळ १० टक्के. खाण्यापिण्याच्या सगळ्या गटांत हाच गट सर्वांत मोठा. धान्यापेक्षाही मोठा!

थोडक्यात, घरात कामाची वाटणी झाली नाही, म्हणून आपण पैसे मोजून ती बाहेर करून घेतो आहोत. रविवारचा नाश्ता त्यातलाच एक व्यवहार.

घरचा ‘स्पेशल’ नाश्ता किती तासांचा?

‘‘घरी काय कमी पडतं?’’ या प्रश्नाला एकदा घड्याळ लावून उत्तर देऊन बघा. रविवारी मिसळ करायची तर मटकी शुक्रवारीच भिजत घालावी लागते. मग ती उपसून फडक्यात बांधायची, मोड येईपर्यंत लक्ष ठेवायचं. रविवारी सकाळी कांदा-खोबरं भाजून वाटायचं, कट करायचा, बटाट्याची भाजी, बारीक चिरलेला कांदा, लिंबं, पाव गरम करणं. इडलीचं तेच. शनिवारी सकाळी डाळ-तांदूळ भिजवा, संध्याकाळी वाटा, थंडीत पीठ फुगावं म्हणून भांडं उबेला ठेवा. रविवारी चटणीचा नारळ खवा, सांबाराची डाळ लावा. घरच्यांना दिसतो तो ताटातला अर्धा तास. त्यामागचे दोन दिवस फक्त करणारीला माहीत असतात. वर ती सगळ्यांना गरम वाढत राहते आणि स्वतः शेवटच्या गार इडलीवर बसते.

तेव्हा हॉटेलातल्या मिसळीची किंमत घरच्या मटकीच्या किमतीशी लावणं हा हिशेबच अपुरा आहे. त्यात तिचे तास धरलेले नाहीत. तास धरले, की घरचं ‘स्वस्त’ का वाटतं ते लगेच उमगतं.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नाश्ता बाहेर म्हणजे तिला सुट्टी, हेही पुरतं खरं नाही. निघण्याआधी मुलांच्या आंघोळी, बाहेर न येणाऱ्या सासऱ्यांचा चहा, त्यांच्या गोळ्या आणि त्यांच्यापुरते पोहे. पाण्याच्या बाटल्या, लहानग्याचा बदलायचा शर्ट. हॉटेलात पोचल्यावर मुलाला तिखट लागलं की त्याची मिसळ तिच्यापुढे आणि तिचा डोसा त्याच्यापुढे. परत येताना गाडीवरच प्रश्न, ‘‘दुपारी काय करणार आहेस?’’ दहाला घरी आलं, की अकराला कुकर लावायचाच आहे. फार तर दीड तास वाचला, तोही मशीनचे कपडे वाळत घालण्यात गेला.

म्हणून नुसती जागा बदलून भागत नाही. नाश्ता बाहेर ठरला, की दुपारचं जेवण काय आणि ते कोण करणार, हे त्याच वेळी, त्याच टेबलावर ठरायला हवं. वरण-भात किंवा खिचडी कुणालाही जमते. बारावीतल्या मुलालाही आणि त्याच्या वडिलांनाही.

बिल कुणाच्या हातात?

टेबलावरची आणखी एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. मेनूकार्ड कुणाकडे दिलं जातं? ऑर्डर कुणाला विचारली जाते? बिल कुणासमोर ठेवलं जातं? वेटर सवयीने कर्त्या पुरुषाकडे वळतो. घरात महिन्याचा किराणा पै-पैचा हिशेब करून भागवणारी बाई इथे मात्र ‘‘तुम्ही मागवाल ते’’ म्हणते. त्या नाश्त्याला मग सुट्टीपेक्षा मेहेरबानीचा वास येतो. ‘मी तुला बाहेर नेलं’ हे वाक्य पुढचे आठ दिवस पुरतं.

तेव्हा बिल हातात घ्या आणि वाचा. साध्या हॉटेलातल्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी आहे. छोट्या हॉटेलाने कंपोझिशन योजना घेतली असेल, तर त्याला गिऱ्हाइकाकडून बिलात वेगळा कर लावता येत नाही. मोठ्या शहरातल्या कॅफेत गेलात आणि बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला दिसला, तर तो द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. टीप द्यावीशी वाटली तर जरूर द्या, पण आपल्या मनाने आणि वाढणाऱ्याच्या हातात.

आणखी एक पाऊल पुढचं. घरच्यांशिवाय, मैत्रिणींबरोबर किंवा चक्क एकटीने जाऊन नाश्ता करायचा. शहरात हे आता नवं नाही. तालुक्याच्या गावात मात्र दोन बायका निवांत चहा पीत बसल्या, की अजूनही माना वळतात. ‘कुणाची वाट बघताय?’ ‘बरोबर कुणी नाही?’ शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बाईला बाहेर असायला सतत काहीतरी काम दाखवावं लागतं. हातात पिशवी हवी, बरोबर मूल हवं, चालीत घाई हवी. काम नसताना नुसतं बसण्याची मुभा पुरुषाला आहे, तिला नाही. मुंबईसारख्या शहराची ही कथा, तर आपल्या पेठेतल्या हॉटेलाची काय सांगावी? पण हे बदलतं ते बसून बसूनच. भिशीच्या बायकांनी दुपारच्या घरगुती फराळाऐवजी महिन्यातला एक रविवार सकाळी हॉटेलात भेटायचं ठरवलं, तर चार महिन्यांत वेटरला त्यांचं टेबल पाठ होईल. पहिल्यांदा वळलेल्या माना चौथ्या वेळी वळणार नाहीत. आणि त्या सकाळी घरच्या नाश्त्याचं काय, हा प्रश्न घरातल्या इतरांना सोडवू द्या. सुट्टीची खरी परीक्षा तीच.

आतल्या मोरीपाशी

आता सगळ्यात शेवटचं आणि मनाला टोचणारं. आपण ज्या टेबलावर बसतो, त्याच्या मागच्या दारी एकदा डोकावून बघा. बाहेर ऑर्डर घेणारे, गल्ल्यावर बसलेले बहुतेक पुरुष. आत मोरीपाशी भांडी घासणाऱ्या, कांद्याच्या ढिगासमोर बसलेल्या, पुऱ्या लाटणाऱ्या अनेकदा बायका. हॉटेल सातला उघडतं म्हणजे त्यांचा दिवस पाचला सुरू झालेला. रविवार म्हणजे त्यांचा सगळ्यात जड दिवस. त्यांच्या घरी रविवारी नाश्ता कोण करत असेल? बहुधा त्याच, पहाटे चारला उठून.

आपल्या ओट्याला मिळालेली सुट्टी अशी दुसऱ्या एका बाईच्या अंगावर कामाच्या रूपाने पडते. याचा अर्थ बाहेर खाऊ नये, असा अजिबात नाही. त्या कामातूनच तिचं घर चालतं. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांना डबे आणि खाणावळ पुरवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठीच. बाईच्या हातच्या स्वयंपाकाला बाजारात दाम आहे, हे त्या खाणावळवाल्या बायकांनी दाखवून दिलं. प्रश्न आहे तो दाम आणि सुट्टी तिच्यापर्यंत पोचते का, हा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सातही दिवस व्यवसाय उघडा ठेवायची मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचं बंधनही घातलं. मात्र मोजकी माणसं असलेल्या लहान हॉटेलांना या कायद्याच्या सगळ्या तरतुदी लागू होत नाहीत, आणि आपल्या गावातली बरीच हॉटेलं तशीच लहान. घरकाम करणाऱ्या मावशींसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्याचा भर नोंदणीवर आणि मदतीवर. त्यांची आठवड्याची सुट्टी मालकिणीच्या मर्जीवरच राहिली. ती मालकीण म्हणजे आपणच.

हे आपल्या हातातलं आहे. नेहमीच्या हॉटेलवाल्याला ‘‘काका, आतल्या ताईंना सुट्टी कधी असते हो?’’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. नेहमीचं गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर मालकाला उत्तर शोधावं लागतं. आपल्या घरी येणाऱ्या मावशींना रविवारी येऊ नका म्हणता येतं, पगार न कापता. आणि त्या दिवशीची भांडी घरातल्या सगळ्यांनी मिळून घासायची, हेही ओघानंच आलं.

लोखंड्यांच्या त्या सभेत दोन बायका सुट्टी मागायला उभ्या राहिल्या, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. घरातल्या बाईची सुट्टी अजून कुठल्या कायद्यात नाही, ती घरातच बोलून मिळवावी लागणार आहे. येत्या रविवारी गरमागरम मिसळ जरूर खा, लिंबू पिळून, तर्री मागून घेऊन. आणि पाव संपायच्या आत विचारून टाका, ‘‘आज दुपारची खिचडी कोण लावणार?’’